तळ्याकाठचा अभियंता : रिचर्ड वॉकर

पवई तलावाच्या काठी भल्या पहाटे गळ टाकून बसलेली माणसे मुंबईकरांना नवी नाहीत. कटला किंवा रोहू लागेल या आशेने तासन् तास पाण्याकडे डोळे लावून बसणाऱ्या या मंडळींकडे येणारेजाणारे कुतूहलाने पाहतात आणि पुढे निघून जातात. एवढा वेळ बसायचे आणि मासा लागेल की नाही ते नशिबावर सोडायचे, यात कसली आली विद्या, असा प्रश्न अनेकांच्या मनात येऊन जात असेल. कटला, रोहू, मृगळ हे सारे कार्प कुळातलेच मासे. याच कुळातल्या युरोपीय कार्पच्या बाबतीत इंग्लंडमध्येही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नेमका हाच समज रूढ होता. मोठा कार्प गळाला लागणे हा दैवयोग. त्यासाठी प्रयत्न करणे म्हणजे आयुष्य वाया घालवणे, असे नामवंत मत्स्यलेखकही लिहून गेले होते. हा समज ज्या माणसाने मोडून काढला, त्याचे नाव रिचर्ड वॉकर.

आज युरोपभर कार्प पकडण्याच्या स्पर्धा भरतात. तळ्याकाठी तंबू पडतात, यंत्रांचे बझर वाजतात, ग्रॅमपर्यंत वजने नोंदली जातात. या खेळासाठी लागणाऱ्या साधनांचा व्यवसाय फार मोठा आहे. त्या साधनांपैकी कितीतरी वस्तूंचा मूळ आराखडा वॉकर यांच्या कामाच्या टेबलापर्यंत जाऊन पोहोचतो.

हिचिनचा मुलगा

रिचर्ड स्टुअर्ट वॉकर यांचा जन्म २९ मे १९१८ रोजी इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यातील हिचिन या गावी झाला. गळाची गोडी आजोबांनी लावली. गावाभोवतीचे ओढे आणि छोट्या नद्या ही त्यांची पहिली शाळा. पुढे ते केंब्रिज विद्यापीठात अभियांत्रिकी शिकण्यासाठी गेले. पण दुसऱ्या महायुद्धाने शिक्षणात खंड पडला. युद्धकाळात फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेत त्यांनी रडारसंबंधी काम केले. युद्ध संपल्यावर ते लेचवर्थ येथील कौटुंबिक कारखान्यात रुजू झाले. तेथे हिरवळ कापण्याची यंत्रे तयार होत असत.

हा तपशील महत्त्वाचा आहे. कारण वॉकर यांनी मासेमारीकडे पाहिले ते अभियंत्याच्या नजरेने. एखादे यंत्र चालत नसेल तर दैवाला बोल लावून भागत नाही. दोष कोठे आहे ते शोधावे लागते. कार्प गळाला लागत नसेल तर तिथेही काहीतरी कारण असलेच पाहिजे, या सरळ तर्कापासून त्यांनी सुरुवात केली.

त्या काळातील परिस्थिती काय होती? इंग्लंडमध्ये कार्पचा विक्रम १९३० साली अल्बर्ट बकली यांनी मॅपर्ली जलाशयातून पकडलेल्या २६ पौंडांच्या, म्हणजे सुमारे १२ किलोंच्या माशाच्या नावावर होता आणि वीस वर्षे उलटली तरी तो अबाधित होता. वापरात असलेल्या काठ्या एकतर लहान माशांसाठी केलेल्या आणि म्हणून नाजूक, नाहीतर साल्मनसारख्या माशांसाठी केलेल्या आणि म्हणून ताठर. नाजूक काठीने मोठा कार्प आवरत नसे आणि ताठर काठीने तंगूस तुटत असे. मासा निसटला की दोष नशिबाचा.

पत्रांतून जमलेली मंडळी

वॉकर यांनी ‘वॉटर रेल’ या टोपणनावाने ‘फिशिंग गॅझेट’ या नियतकालिकात लेखन केले होते. १९५० साली ‘बीबी’ या टोपणनावाने लिहिणारे निसर्गलेखक व चित्रकार डेनिस वॉटकिन्स-पिचफर्ड यांचे कार्पविषयक पुस्तक प्रसिद्ध झाले आणि या वेडाने पछाडलेली इंग्लंडभर विखुरलेली माणसे एकमेकांना पत्रे लिहू लागली. लिंकनशायरचे मॉरिस इंगम हे त्यांपैकीच एक. त्यांच्यात आणि वॉकर यांच्यात लांबलचक पत्रव्यवहार झाला. काठीची जाडी कशी कमी करत न्यावी, कोणत्या पिठाचे आमिष पाण्यात टिकते, मासे रात्री काठाजवळ का येतात, अशा बारीकसारीक प्रश्नांवर दोघे एकमेकांचे म्हणणे तपासून पाहत. या पत्रांचे पुढे १९५३ साली ‘ड्रॉप मी अ लाइन’ नावाचे पुस्तक झाले.

१९५१ साली या मंडळींनी ‘कार्प कॅचर्स क्लब’ स्थापन केला. सभासद मोजकेच होते. कार्यालय नव्हते, की करंडक नव्हता. एकाचे निरीक्षण दुसऱ्यापर्यंत पोहोचावे म्हणून सभासदांमध्ये एक वही पत्राने फिरत असे. ज्याच्या हाती ती येई, तो आपला अनुभव लिहून पुढे पाठवी. यश आणि अपयश दोन्ही नोंदवले जाई. प्रयोगशाळेत चालते तसे हे काम तळ्यांच्या काठावर चालले होते.

साधने घडवताना

बाजारात योग्य काठी मिळत नाही म्हटल्यावर वॉकर यांनी ती स्वतः करायला घेतली. बांबूच्या सहा त्रिकोणी कामट्या एकमेकींना चिकटवून षट्कोनी काठी तयार करण्याची रीत जुनीच होती. वॉकर यांनी बुडापासून टोकापर्यंत कामट्यांची जाडी कशी उतरत जावी याचा हिशेब मांडला आणि एकामागून एक नमुने करून पाहिले. चौथा नमुना मनासारखा उतरला, तोच पुढे ‘मार्क फोर’ या नावाने प्रसिद्ध झाला. दहा फूट लांबीची ही दोन तुकड्यांची काठी माशाच्या ओढीबरोबर बुडापर्यंत वाकत असे आणि त्यामुळे तंगुसावर एकदम ताण येत नसे. पुढे बी. जेम्स अँड सन या कंपनीने ती बाजारात आणली.

काठीबरोबरच त्यांनी एक मापही रूढ केले. काठी आडवी धरून टोकाला वजन लावत जायचे. टोक बुडाशी काटकोन करील इतके वजन म्हणजे त्या काठीचे ‘टेस्ट कर्व्ह’. मार्क फोरचे हे माप दीड पौंड होते. या आकड्याला पाचने गुणले की त्या काठीला साजेशी तंगुसाची ताकद मिळते, म्हणजे मार्क फोरसाठी सुमारे साडेसात पौंड, असा सोपा हिशेब त्यांनी घालून दिला. काठी हातात घेऊन हलवून पाहण्यावर आणि दुकानदाराच्या शब्दावर अवलंबून असलेल्या ग्राहकाला प्रथमच एक आकडा मिळाला. आज कार्बन फायबरच्या काठ्यांवरही पावणेतीन, तीन, साडेतीन पौंड असे आकडे छापलेले असतात, ते याच मापाचे.

दुसरा प्रश्न रात्रीचा होता. मोठे कार्प अंधारात निर्धास्तपणे चरतात, हे निरीक्षणातून ध्यानात आले होते. परंतु काळोखात तंगूस हलली ते कळणार कसे? वॉकर यांनी विजेचा इशारा देणारे छोटे यंत्र तयार केले. तंगूस एका नाजूक दांडीला टेकवून ठेवायची. माशाने आमिष ओढले की दांडी सरकून विजेचे मंडल पूर्ण होई आणि बॅटरीवर चालणारा बझर वाजू लागे. रचना इतकी साधी होती की घरच्या घरी कोणालाही ती करता यावी. या कल्पनेवर आधारलेली यंत्रे पुढे बाजारात आली. सत्तरच्या दशकात दांडीऐवजी फिरते चाक आणि प्रकाशकिरण यांवर चालणारी यंत्रे निघाली. आज कार्प पकडणाऱ्यांच्या साहित्यात हा ‘बाइट अलार्म’ नसेल तर साहित्य अपुरे समजले जाते.

तिसरी वस्तू दिसायला अगदी किरकोळ. बेडफर्डशायरमधील आर्लेसी तळ्यात खोल पाण्यात मोठे पर्च मासे होते. तिथपर्यंत आमिष पोहोचवायचे तर जड शिसे लागे आणि फेकताना तंगुसाला पीळ पडे. वॉकर यांनी पेअरच्या फळाच्या आकाराचे शिसे ओतून त्याच्या निमुळत्या टोकात फिरती कडी बसवली. शिसे हवेत सरळ जाऊ लागले आणि पीळ नाहीसा झाला. ‘आर्लेसी बॉम्ब’ या नावाने हा आकार आजही विकला जातो. पाण्यातल्या हंसांना शिशाची विषबाधा होते हे स्पष्ट झाल्यावर १९८७ साली इंग्लंडमध्ये लहान शिशांच्या विक्रीवर बंदी आली आणि लहान आकाराचे बॉम्ब अन्य धातूंचे होऊ लागले. आकार मात्र तोच राहिला.

रेडमायरची रात्र

हेरफर्डशायरमधील बर्निथन कोर्ट या इस्टेटीत जेमतेम तीन एकरांचे एक तळे आहे. १९३४ साली तेथे डोनाल्ड लेनी यांच्या मत्स्यपालन केंद्रातून आणलेली कार्पची पन्नास पिल्ले सोडण्यात आली होती. पुढे कित्येक वर्षे त्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. ऑक्टोबर १९५१ मध्ये बॉब रिचर्ड्स यांनी येथून ३१ पौंड ४ औंसांचा कार्प पकडला आणि बकली यांचा विक्रम मोडला. ही वार्ता क्लबपर्यंत पोहोचली. सभासदांनी मालकांची परवानगी मिळवली. मासेमारांत हे तळे ‘रेडमायर’ या नावाने ओळखले जाऊ लागले. पण त्याचा ठावठिकाणा मात्र बराच काळ गुप्त ठेवण्यात आला.

१३ सप्टेंबर १९५२ च्या पहाटे वॉकर आणि त्यांचे मित्र पीट थॉमस तळ्याकाठी होते. अंधार दाट होता. आमिष म्हणून पावाचा लगदा आणि त्याला जोडलेला पावाचा कडक पापुद्रा. लगद्याचे वजन आणि पापुद्र्याचा तरंग यांचा मेळ साधला की आमिष तळावरच्या गाळात न रुतता अलगद टेकून राहते. हातात स्वतः घडवलेली मार्क फोर, तंगुसापाशी स्वतः तयार केलेला बझर. तो वाजला. वॉकर यांनी काठी उचलली. थॉमस यांनी अखेर मोठ्या हातजाळ्यात मासा घेतला, तेव्हा आपण काय पकडले आहे याचा दोघांना नीट अंदाजही आला नव्हता. वजन केल्यावर काटा ४४ पौंडांवर थांबला. वीस किलोंना अगदी थोडेच कमी! एका वर्षापूर्वीचा विक्रम पावणेतेरा पौंडांनी मागे पडला होता.

मासा पोत्यात घालून पाण्यातच ठेवण्यात आला आणि सकाळी लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला दूरध्वनी करण्यात आला. त्यांची गाडी येऊन मासा जिवंत घेऊन गेली. विक्रमी मासा मारून, पेंढा भरून, काचेच्या पेटीत भिंतीवर टांगण्याची ज्या देशात परंपरा होती, तेथे ही गोष्ट वेगळी होती. वॉकर यांनी गमतीने त्या माशाला ‘रॅव्हिओली’ म्हटले. प्राणिसंग्रहालयात मात्र त्याचे नाव ‘क्लॅरिसा’ पडले आणि तेच टिकले. १९७१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकोणीस वर्षे, क्लॅरिसा तेथील मत्स्यालयात होती. मासेमारीशी सुतराम संबंध नसलेल्या लोकांनीही तिला काचेतून पाहिले.

हा निर्णय योग्य होता काय, हा प्रश्न आज कोणी विचारला तर तो गैरलागू म्हणता येणार नाही. माशाचे प्राण वाचले, हे खरे; पण तीन एकरांच्या तळ्यातला मासा उरलेले आयुष्य काचेच्या टाकीत फिरत राहिला, हेही तितकेच खरे. आजचा कार्पप्रेमी पकडलेला मासा ओल्या गादीवर ठेवून, वजन व छायाचित्र घेऊन काही मिनिटांतच पाण्यात सोडतो. त्या दृष्टीने पाहता वॉकर यांचा निर्णय दोन काळांच्या मधल्या उंबरठ्यावरचा होता. मारण्याची रीत त्यांनी सोडली होती. परत सोडून देण्याची रीत सार्वत्रिक व्हायला अजून अवकाश होता.

जे कळले ते सांगून टाकले

विक्रमाच्या पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, त्यांचे ‘स्टिल-वॉटर अँगलिंग’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ज्या माणसाकडे देशातील सर्वांत मोठ्या माशाचे रहस्य होते, त्याने ते दडवून न ठेवता सविस्तर मांडले. त्यातील विचाराचा गाभा साधा आहे. आधी मासा कोठे आहे ते शोधा. त्याला बिचकवू नका. तो खाईल असे आमिष द्या. तो केव्हा खातो ती वेळ ओळखा. आणि तो लागल्यावर टिकेल असे साहित्य वापरा. यांतले एक जरी चुकले तर बाकीच्यांचा उपयोग नाही. तळ्याच्या पाण्याचे तापमान खोलीनुसार कसे बदलते, वारा कोणत्या दिशेने वाहिला की अन्न कोठे गोळा होते, याचीही चर्चा त्यांनी केली. गळ टाकण्याआधी नुसते पाहत बसा, हा त्या पुस्तकाचा आग्रह होता.

त्याच वर्षी ‘अँगलिंग टाइम्स’ हे साप्ताहिक सुरू झाले. त्यातील वॉकर यांचे सदर सुमारे तीन दशके चालले. गिरणीतला कामगार असो वा शाळकरी मुलगा, आठवड्याला काही पेन्स खर्चून त्याला हे ज्ञान मिळू लागले. यातून इंग्लंडमध्ये विशिष्ट जातीचा मोठा मासा ठरवून, अभ्यास करून पकडणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली.

वॉकर यांचा स्वभाव मवाळ नव्हता. आपले मत ते ठासून मांडत आणि वादाला मागे हटत नसत. त्यामुळे चाहत्यांइतकेच विरोधकही त्यांना लाभले. परंतु वाद घालतानाही ते पुरावा मागत आणि देत. उत्तरायुष्यात ते ट्राउटकडे वळले. ‘पॉलीस्टिकल’ आणि ‘स्वीनी टॉड’ यांसारख्या कृत्रिम माशांचे, म्हणजे पिसे व धागे बांधून केलेल्या ‘फ्लाय’चे, त्यांनी रचलेले नमुने आजही बांधले जातात. साठच्या दशकात फार्नबरोच्याच संस्थेत कार्बन फायबरवर मूलगामी संशोधन झाले. विमानांसाठी विकसित झालेला हा हलका व बळकट पदार्थ गळाच्या काठीसाठी वापरावा म्हणून प्रयत्न करणाऱ्यांत वॉकर अग्रभागी होते. बांबूची काठी ज्यांनी पूर्णत्वाला नेली, त्यांनीच तिला निवृत्त करणाऱ्या पदार्थाचे स्वागत केले.

१६ जून १९८० रोजी, नव्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी, ख्रिस येट्स यांनी ५१ पौंड ८ औंसांचा कार्प पकडला. तळे तेच, रेडमायर. अठ्ठावीस वर्षांनंतर वॉकर यांच्या आकड्यापलीकडचा मासा पुढे आला होता. येट्स यांनी तो परत पाण्यात सोडला. त्यानंतर पाच वर्षांनी, २ ऑगस्ट १९८५ रोजी, वॉकर यांचे निधन झाले. वय ६७.

यंत्र जागे, माणूस झोपलेला

त्याच सुमारास कार्पच्या मासेमारीत आणखी एक मोठा बदल झाला. आमिष गळात न खुपसता गळाला बांधलेल्या बारीक केसासारख्या धाग्यावर लटकवण्याची ‘हेअर रिग’ ही युक्ती लेन मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी शोधली. मासा आमिष तोंडात ओढतो, संशय येऊन फुंकून टाकू पाहतो आणि मोकळा असलेला गळ ओठात रुततो. पीठ, अंडी घालून उकडलेल्या टणक गोळ्या, म्हणजे ‘बॉयली’, हे आमिष त्याआधीच रूढ झाले होते. या दोहोंमुळे कार्प पकडणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आणि स्पर्धांना खऱ्या अर्थाने वाव मिळाला.

आजच्या मोठ्या स्पर्धा दोन-दोन, तीन-तीन जणांच्या संघांत होतात. बसण्याची जागा चिठ्ठी टाकून ठरते. फ्रान्समधील मादीन सरोवरासारख्या विस्तीर्ण जलाशयांवर अशा स्पर्धा अनेक दिवस, रात्रंदिवस चालल्या आहेत. ठरावीक वजनावरील मासेच धरले जातात, पंच येऊन वजन नोंदवतात आणि मासा सोडून दिला जातो. चिठ्ठीत वाईट जागा आली तर उत्तम संघही रिकाम्या हाताने परततो. ज्या नशिबाला वॉकर यांनी तळ्याकाठून घालवून दिले, ते स्पर्धेत चिठ्ठीच्या रूपाने पुन्हा शिरले आहे, असे म्हणता येईल.

एक बदल मात्र अधिक खोल आहे. बझर वाजेपर्यंत आज अनेक जण तंबूत निर्धास्त झोपतात. वॉकर यांनी ते यंत्र केले ते डोळ्यांना अंधारात दिसत नाही म्हणून. पाहण्याचे काम संपावे म्हणून नव्हे. दिवसा ते काठावरच्या झाडांतून तासन् तास पाण्याकडे पाहत, बुडबुडे कोठे येतात ते टिपत, मगच रात्रीची जागा ठरवत. यंत्र त्या पाहण्याच्या पुढची पायरी होती. अनेकांच्या हाती आज पुढची पायरी आहे, आधीची नाही. महागडे साहित्य घेऊनही मासा का लागत नाही, या नवशिक्याच्या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा येथेच असते.

स्पर्धेतले जाणते संघ हे ओळखून असतात. शिट्टी होण्यापूर्वीचा वेळ ते दुर्बिणीतून पाणी न्याहाळण्यात घालवतात. वारा पाहतात, तळ चाचपतात, मासा कोठे उसळला ते वहीत लिहितात. सात दशकांपूर्वी पोस्टाने फिरणाऱ्या त्या वहीत याच नोंदी असत. पवईच्या काठावर जुनेजाणते मासेमार गळ टाकण्याआधी बराच वेळ नुसते उभे असलेले दिसतात, तेव्हा ते काही करत नाहीत असे समजण्याचे कारण नाही. त्यांचे काम सुरू झालेले असते.